परवान्याचं पिस्तूल अंगावर असावं, पण लोकांच्या नजरेस पडू नये

पत्र

मॅडम, नमस्कार. गडहिंग्लज तालुक्यात आमचं पिढीजात सराफी दुकान आहे. गेल्या वर्षी दुकान बंद करून घरी येताना दोघांनी मोटारसायकल आडवी घालून माझी बॅग ओढायचा प्रयत्न केला. बॅग वाचली, खांदा मात्र निखळला. त्यानंतर मी अर्ज केला, पोलीस चौकशी झाली आणि आता स्वसंरक्षणासाठी .३२ बोअरच्या पिस्तुलाचा परवाना मिळाला आहे. पण ते घेऊन फिरायचं कसं, हे कोणी धड सांगत नाही. मेहुणा म्हणतो, "दाजी, शर्ट आत खोचा, हत्यार दिसलं की निम्मं काम होतंय." माल आणायला मला कोल्हापूरला गुजरीत, म्हणजे तिथल्या सराफ बाजारात, आणि अधूनमधून बेळगावला जावं लागतं. गाडी भाचा चालवतो. मी व्यापाऱ्याकडे बसलो असताना पिस्तूल त्याच्याकडे दिलं तर चालेल का? उन्हाळ्यात पुतणीचं लग्न आहे, आणि पोरं आतापासूनच वरातीत दोन बार काढा म्हणून मागे लागली आहेत. शेजारच्या गावातल्या एका परवानाधारकाला निवडणुकीत पिस्तूल जमा करायची नोटीस आली होती. मलाही येईल का? आणि खरोखरच वेळ आली आणि मी गोळी झाडली, तर मी सुटतो की अडकतो? घरात आठ आणि बारा वर्षांची मुलं आहेत. हिचं म्हणणं एकच, ते घरात नको, परत करून टाका.

एक सराफ वाचक

उत्तर

नमस्कार. खांदा आता बरा असेल अशी आशा आहे. तुमची भीती खोटी नाही. बॅगेत दुसऱ्याचे दागिने घेऊन रात्री एकट्यानं घरी जाणं म्हणजे काय, हे सराफाच्या घरात राहणाऱ्यांनाच कळतं. म्हणूनच हे उत्तर लांबलं तरी पूर्ण वाचा, आणि वाचून झालं की मेहुण्यालाही द्या. त्याचा सल्ला आपुलकीचा असला तरी कायदा नेमका त्याच्या उलट सांगतो.

आपल्याकडे बंदूक-पिस्तुलाचा मूळ कायदा १९५९ चा शस्त्र अधिनियम. त्याखालचे सध्याचे नियम २०१६ चे. त्या नियमांत सार्वजनिक ठिकाणी हत्यार कसं न्यायचं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये, म्हणजे पिस्तुलाच्या कव्हरमध्ये, किंवा त्यासाठी बनवलेल्या तशाच बॅगेत असलं पाहिजे, ते पूर्ण झाकलेलं असलं पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर प्रत्यक्ष ताबा असला पाहिजे. हत्यार परजणं, रोखणं, उगाच बाहेर काढून दाखवणं याला सक्त मनाई आहे. अमेरिकेतल्या काही राज्यांत हत्यार उघडं लावून फिरता येतं आणि झाकून न्यायचं असेल तर वेगळी परवानगी लागते, असं तुम्ही ऐकलं असेल. आपल्याकडे तसे दोन प्रकार नाहीत. परवाना आहे याचा अर्थच झाकून न्यायचं. शर्टाची घडी सरकून मूठ दिसली म्हणून लगेच कोणी तुम्हाला तुरुंगात टाकणार नाही, पण मुद्दाम शर्ट खोचून, लोकांना दिसावं म्हणून लावलंत, तर तो नियमभंग आहे आणि त्यावरून परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. परवान्याच्या अटी मोडल्याबद्दल कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम पाहून कोणी हसेल. परवाना गेल्यावर हसणं थांबतं, कारण पुढच्या अर्जावर तीच नोंद आडवी येते.

कायद्याचं सोडा, तुमच्या सुरक्षिततेचा विचार केला तरी दाखवणं हा घातक मार्ग आहे. तुमच्यावर पाळत ठेवणाऱ्याला तुमच्याकडे पिस्तूल आहे हे कळलं की तो तुमच्या मागे येणं थांबवेलच असं नाही. तो तयारीनं येईल, आणि त्याचा पहिला हात बॅगेवर नाही, तुमच्या कमरेवर पडेल. दुसरं, तुमच्या बाजूनं असलेला कायद्याचा विश्वास तुम्ही यात गमावता. उद्या कुणाशी उसनवारीवरून, बांधावरून बोलाचाली झाली आणि समोरच्यानं "यांनी शर्ट वर करून पिस्तूल दाखवलं" अशी तक्रार दिली, तर फौजदारी धमकीचा गुन्हा दाखल होऊ शकतो. तोच प्रकार नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ मध्ये आहे. आणि एकदा गुन्हा दाखल झाला की जिल्हा प्रशासनाला परवान्याचा फेरविचार करायला कारण मिळतं. २०२४ च्या अखेरीस बीड जिल्ह्यातल्या शस्त्रपरवान्यांचा प्रश्न राज्यभर गाजला. हातात पिस्तूल घेऊन काढलेले फोटो, हवेत गोळीबाराचे व्हिडिओ लोकांसमोर आले आणि प्रशासनानं अनेक परवाने रद्द केले. त्यामुळे समाजमाध्यमांवर पिस्तुलासोबत एकही फोटो टाकू नका, आणि घरातल्या पोरांनाही टाकू देऊ नका. फोन त्यांचा असला तरी जाब तुम्हालाच विचारला जाईल.

आता प्रवासाचं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी याच गोष्टीची वाटली, आणि तुम्ही ती सहज, जाता जाता लिहिली आहे. तुमच्या परवान्याच्या पुस्तकात क्षेत्राची नोंद असते: परवाना जिल्ह्यापुरता आहे, महाराष्ट्र राज्यापुरता आहे की संपूर्ण भारतासाठी. ती नोंद आज रात्रीच उघडून बघा. नुसतं "महाराष्ट्र" लिहिलं असेल, तर पिस्तूल घेऊन बेळगावला जाणं म्हणजे विनापरवाना हत्यार बाळगणं. तिथे तुमच्या परवान्याचा आधार उरत नाही. शस्त्र अधिनियमातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्यार बाळगण्याची शिक्षा किमान दोन वर्षं आणि कमाल पाच वर्षं आहे. बेळगाव म्हणजे आपल्या लोकांना आपलंच वाटतं, तिथे मामाचं घर असतं, मराठी दुकानदार असतात. पोलीस तपासणीत मात्र ते कर्नाटक असतं.

आणि प्रश्न फक्त बेळगावचा नाही. गडहिंग्लजहून कोल्हापूरला तुम्ही कोणत्या रस्त्यानं जाता? बहुतेक जण संकेश्वरला हायवेला लागतात, निपाणीवरून कागलमार्गे कोल्हापूर गाठतात. संकेश्वर कर्नाटकात, निपाणी कर्नाटकात. म्हणजे महाराष्ट्रातल्या तुमच्या गावातून महाराष्ट्रातल्या गुजरीत जातानाही मधले बरेच किलोमीटर तुम्ही दुसऱ्या राज्यातून जाता, आणि कोगनोळीजवळ नाकाबंदी लागली की तिथल्या पोलिसांना तुमचं पिस्तूल दाखवावं लागणार. या भागातल्या परवानाधारकांच्या हे डोक्यातच येत नाही, कारण रस्ता रोजचा असतो. तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. एकतर पिस्तूल सोबत असेल तेव्हा उत्तूर-गारगोटीकडून, राज्याच्या हद्दीतल्या रस्त्यानं जा, वेळ थोडा जास्त लागला तरी. नाहीतर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या ज्या शाखेतून परवाना मिळाला, तिथे क्षेत्रवाढीचा अर्ज द्या. सराफी व्यवसायाचे कागद, जीएसटी नोंदणी, बेळगावच्या व्यापाऱ्यांकडच्या खरेदीच्या पावत्या, आणि गेल्या वर्षीच्या हल्ल्याची तक्रार नोंदलेली असेल तर तिची प्रत, हे सगळं जोडा. तुम्हाला दुसऱ्या राज्यात का जावं लागतं हे कागदावरून दिसलं पाहिजे. मंजुरी मिळेपर्यंत बेळगावला पिस्तूल नेऊ नका. एखाद्या फेरीला ते घरी राहिलं म्हणून काही बिघडणार नाही. हवं तर त्या दिवशी सोबत एक माणूस जास्त न्या आणि परतीची वेळ बदला.

परवान्याचं मूळ पुस्तक नेहमी सोबत ठेवा. फोनमधला फोटो पुरेसा नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १९ प्रमाणे हत्यार बाळगणाऱ्याला कोणताही पोलीस अधिकारी परवाना दाखवायला सांगू शकतो. तो दाखवता आला नाही, तर नाव-पत्ता विचारून हत्यार ताब्यात घेण्याचा अधिकार त्याला आहे. अडवलं तर हात कमरेकडे नेऊ नका. आधी तोंडानं सांगा, "माझ्याकडे परवान्याचं पिस्तूल आहे, उजव्या बाजूला होल्स्टरमध्ये आहे, पुस्तक वरच्या खिशात आहे," आणि ते सांगतील तसं करा. अंधारात, बॅटरीच्या प्रकाशात उभ्या असलेल्या हवालदारालाही घरी पोरंबाळं असतात, आणि त्याला तुम्ही कोण आहात हे माहीत नसतं. पुस्तकावर राष्ट्रीय नोंदणीचा युनिक क्रमांक आहे ना, तेही तपासा. नसेल तर परवाना असूनही तो वैध धरला जाणार नाही.

भाच्याकडे पिस्तूल देण्याविषयी माझं उत्तर एका शब्दाचं आहे: नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही. परवाना तुमच्या नावावर आहे, हत्यार तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. भाच्याच्या हातात किंवा त्याच्या मांडीखाली ते सापडलं, तर तो विनापरवाना बाळगणारा ठरतो आणि तुम्ही अनधिकृत माणसाच्या हाती हत्यार देणारे ठरता. एका चुकीनं मामा आणि भाचा दोघेही आरोपी. कायद्यात रक्षक ठेवून त्याच्या हाती हत्यार देण्याची सोय आहे, पण त्या रक्षकाचं नाव रीतसर परवान्यावर नोंदलेलं लागतं. नात्यानं कोणी आपोआप रक्षक होत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकाची गोळ्या घालून हत्या झाली, तो प्रकार तुम्ही बातम्यांत पाहिला असेल. ज्या पिस्तुलातून गोळ्या सुटल्या, ते हल्लेखोराचं नव्हतं. परवाना हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावावर होता, तोही उत्तर प्रदेशातला. हल्लेखोरानं स्वतःलाही संपवलं, आणि नंतर शस्त्र कायद्याखाली त्या अंगरक्षकाला अटक झाली. तुमचा भाचा चांगला मुलगा असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण हत्यार दुसऱ्याच्या हाती गेल्यावर त्याचं काय होईल हे तुमच्या हातात राहत नाही, आणि उत्तर मात्र तुम्हालाच द्यावं लागतं.

याच कारणासाठी गाडीचा डॅशबोर्ड, स्कूटरची डिकी, दुकानाचा गल्ला ही पिस्तुलाची जागा नव्हे. नियमातला "प्रत्यक्ष ताबा" हा शब्दच सांगतो की तुम्ही जिथे आहात तिथे ते तुमच्या अंगावर हवं, आणि तुम्ही त्याच्यापासून दूर असाल तर कुलपात. बँकेत, न्यायालयात, कार्यालयात जायचं असेल आणि आत हत्यार नेता येणार नसेल, तर त्या दिवशी ते घरून काढूच नका. रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीत पिस्तूल ठेवून आत गेलेल्यांची पिस्तुलं चोरीला गेल्याची प्रकरणं मी हाताळली आहेत. तिथे चोरीच्या तक्रारीआधी पोलिसांचा पहिला प्रश्न परवानाधारकालाच असतो: ते तिथे ठेवलंच का? चोरीला गेलं किंवा हरवलं, तर मात्र शोधाशोधीत दिवस घालवू नका, ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा. तेवढं केलं नाहीत तर त्या पिस्तुलातून पुढे सुटणाऱ्या प्रत्येक गोळीशी तुमचं नाव जोडलं जाईल.

विमानानं जाणार असाल, तर पिस्तूल कधीही हातातल्या सामानात नको. ते चेक-इन सामानात, रिकामं, काडतुसं वेगळी, आणि काउंटरवर आधी सांगून. विमान कंपनीला तिकीट काढतानाच विचारा. याहून महत्त्वाचं, ज्या बॅगेत एकदा काडतुसं ठेवली असतील ती बॅग पुन्हा प्रवासाला वापरताना कोपरे, अस्तर, चेनचे कप्पे चाचपून बघा. जुन्या बॅगेच्या अस्तरात अडकलेलं एक काडतूस विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसतं, आणि त्या प्रवाशाचा दिवस पोलीस ठाण्यात जातो, कधी त्यानंतरची काही वर्षं न्यायालयात. काडतुसांचा हिशेब वहीत लिहा: किती घेतली, कुठून, सरावाला किती वापरली, किती शिल्लक. एका वेळी किती बाळगायची याची मर्यादा तुमच्या परवान्यावरच नोंदलेली आहे.

लग्नाबद्दल मी जरा कडक बोलणार आहे, कारण या एका गोष्टीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. परवान्यावर एक अट छापलेली असते. जिल्हादंडाधिकाऱ्यांची खास परवानगी नसेल तर जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा इतर सार्वजनिक जमाव, आणि शाळा-महाविद्यालयाचं आवार, इथे हत्यार न्यायचं नाही. म्हणजे जोतिबाच्या यात्रेत नाही, गणपतीच्या विसर्जनात नाही, आणि सकाळी मुलांना शाळेत सोडायला जाताना आवारात शिरत असाल तर तेव्हाही नाही. वरात म्हणजे रस्त्यावरचा जमाव. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनं आनंदाच्या गोळीबाराचा वेगळा गुन्हाच केला आहे. जाहीर जमाव, धार्मिक स्थळ, लग्न, समारंभ अशा ठिकाणी हत्यार चालवून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोणी जखमी झालं नाही तरीही.

हवेत सोडलेली गोळी हवेत राहत नाही. ती खाली येते, आणि खाली मंडप असतो, गच्चीवर वरात बघायला उभ्या राहिलेल्या बायका असतात, कुणाच्या कडेवर मूल असतं. पोरांना हे नीट समजावून सांगा, आणि लग्नाच्या दिवशी पिस्तूल घरच्या कुलपातच ठेवा. ते तिथे आहे आणि सोबत आणलेलं नाही हे पोरांना आधीच सांगून टाका, म्हणजे वरातीत दारूच्या भरात कोणी तुमच्याशी झटापट करायला जाणार नाही. दोन बार हवेच असतील तर फटाक्याच्या दुकानात मिळतात.

सणासुदीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त मनाई आदेश काढतात. त्यात तलवारी, भाले, लाठ्यांबरोबर बंदुकाही असतात. असा आदेश लागू असताना "माझ्याकडे परवाना आहे" हे उत्तर पुरत नाही. त्या आदेशात कुणाला सूट दिली आहे, हे आधी वाचावं लागतं. स्थानिक वर्तमानपत्रात आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर आदेश येतात, पण सोपा मार्ग म्हणजे पोलीस ठाण्यातल्या गोपनीय शाखेच्या कर्मचाऱ्याशी ओळख ठेवणं. ते सांगतात. त्यांनाही तुम्ही नियम पाळलेले हवे असतात.

निवडणुकीची नोटीस आली तर घाबरू नका आणि ताठरही होऊ नका. आचारसंहितेच्या काळात परवान्यांची छाननी करायला जिल्ह्यात समिती असते. जामिनावर सुटलेले, गुन्हे दाखल असलेले, आधीच्या निवडणुकांत दंग्यात सापडलेले, अशांची हत्यारं प्रामुख्यानं जमा करून घेतली जातात. सगळ्यांची हत्यारं सरसकट जमा करू नयेत, प्रत्येकाचा वेगळा विचार व्हावा, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयानं घेतलेली आहे. म्हणून नोटीस आली तर तुमचा व्यवसाय, झालेला हल्ला आणि रोजची ने-आण सांगणारा लेखी अर्ज द्या. अर्ज फेटाळला, तर मुदतीत पिस्तूल जमा करा आणि पावती घ्या. पावतीवर हत्याराचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. निकालानंतर ते परत मिळतं. नोटीस असताना जमा न करणं ही चूक मात्र करू नका.

आता तुमचा खरा प्रश्न: गोळी झाडली तर? जिवाच्या आणि मालाच्या बचावाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. त्याची मर्यादाही तिथेच आहे: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्कच उभा राहत नाही. समोरच्याच्या हातात कोयता आहे, तो तुमच्यावर चालून येतोय, मागे सरकायला जागा नाही, अशा वेळी तुम्ही झाडलेल्या गोळीकडे न्यायालय एका नजरेनं बघेल. बॅग घेऊन तो पळत सुटलाय आणि तुम्ही त्याच्या पाठीत गोळी घातलीत, तर नजर वेगळी असेल. मालासाठी समोरच्याचा जीव जाईल इतकं बळ वापरण्याची मुभा कायदा जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, आग लावणं आणि जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा खरा धोका असलेली चोरी, अशा ठरावीक प्रसंगांतच देतो. धोका टळला की ती मुभाही संपते. आणि गोळी नेमकी कुठे लागेल हे बाजारपेठेत तुम्ही सांगू शकत नाही. शेजारच्या भाजीवालीला ती लागली, तर ओझं आयुष्यभराचं.

तुम्ही शंभर टक्के बरोबर असलात तरी त्यानंतर काय होईल हे आधीच माहीत असू द्या. पिस्तूल तपासासाठी जप्त होईल, ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल, तुमच्यावर गुन्हा दाखल होण्याची शक्यता आहे, आणि बचाव होता हे तुम्हाला परिस्थितीवरून दाखवून द्यावं लागेल. अशी वेळ आलीच तर लगेच ११२ ला फोन करा, जखमीला मदत मिळेल असं बघा, जागा सोडू नका, आणि वकील येईपर्यंत लांबलचक कहाणी सांगत बसू नका. बॅग गेली तर विम्यानं भरून येते. म्हणून मी तुम्हाला मनापासून सांगते: ज्वेलर्स ब्लॉक विमा, म्हणजे सराफांच्या मालाचा विमा, घ्या आणि ने-आणीचा माल त्यात आहे का हे वाचून घ्या, निघायच्या वेळा बदलत राहा, रात्री बॅग घेऊन एकट्यानं पायी किंवा दुचाकीवर जाऊ नका. या गोष्टी पिस्तुलापेक्षा जास्त वेळा कामाला येतात.

मुलांबद्दल लिहिताना तुमची लेखणी जरा थांबली असावी असं वाटलं. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा घराबाहेर पडायच्या तयारीत होते आणि त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून सुटलेली गोळी त्यांच्या पायाला लागली. जाणता, मोठा माणूस, स्वतःच्या घरात, स्वतःचं हत्यार. आठ वर्षांच्या मुलाचं काय सांगावं? घरी पिस्तूल ठेवताना मॅगझिन, म्हणजे गोळ्यांचा खाना, काढा, मग वरची स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे झाडायची गोळी बसते ती जागा, रिकामं आहे हे डोळ्यांनी बघा आणि बोटानंही तपासा. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, हा समज बऱ्याच अपघातांच्या मुळाशी असतो. चेंबरमधली एक गोळी तिथेच राहते. पिस्तूल भिंतीत किंवा कपाटात पक्क्या बसवलेल्या लोखंडी तिजोरीत, काडतुसं दुसऱ्या कुलपात. किल्ली देवघरातल्या डबीत नको, मुलांना ती जागा पहिल्यांदा माहीत असते. बारा वर्षांच्या मुलाशी बसून बोला. घरात हत्यार आहे हे त्याच्यापासून लपणार नाही. त्यामुळे उत्सुकतेला खतपाणी घालण्यापेक्षा त्याला स्पष्ट सांगा की कुठेही, कुणाच्याही घरी हत्यार दिसलं तर हात लावायचा नाही, मोठ्यांना हाक मारायची. परवान्याआधी तुम्ही प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दिलं असेलच, पण ते एकदाच केलेलं पुरत नाही. कोल्हापुरात रायफल क्लबची आणि नेमबाजीची मोठी परंपरा आहे. परवानगीच्या रेंजवर अधूनमधून सराव करा. जे वर्षभर चालवलेलं नाही, ते हत्यार ऐन वेळी तुमच्याच अंगावर उलटू शकतं.

परवान्याची मुदत आता पाच वर्षांची आहे. संपायच्या निदान दोन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज द्या. मुदत संपलेला परवाना आणि नसलेला परवाना यात फारसा फरक राहत नाही.

आणि तुमच्या पत्नीचं म्हणणं. ते शेवटच्या ओळीत लिहिलंत, पण माझ्या दृष्टीनं ते पत्रातलं पहिल्या क्रमांकाचं वाक्य आहे. त्या घाबरट आहेत म्हणून असं म्हणत नसाव्यात. ज्या घरात मुलं आहेत तिथे पिस्तुलाचं रोजचं ओझं त्यांच्यावरही पडणार आहे: तिजोरी बंद आहे का, किल्ली कुठे आहे, पाहुण्यांचं पोर कपाटाशी काय करतंय. वर लिहिलेलं सगळं, होल्स्टरपासून कुलपापर्यंत, रस्त्यापासून वहीपर्यंत, तुम्ही रोज, कंटाळा न करता पाळणार असाल, तर परवाना ठेवा. त्यातलं निम्मंही जमणार नाही असं वाटत असेल, तर त्यांचं ऐका. परत करण्यात कमीपणा नाही आणि कायद्यात त्याची वाट आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ मध्ये परवानाधारकानं स्वतः अर्ज केला तर परवाना रद्द करण्याची तरतूद आहे. पिस्तूल दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं असेल तर आधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा. कळवल्यापासून ४५ दिवस उलटल्याशिवाय व्यवहार करता येत नाही. तोवर ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवता येतं, त्याची पावती घ्या. परवाना स्वतःहून परत केला, म्हणजे तो तुमच्याकडून काढून घेतला असं नव्हे. पुढे परिस्थिती बदलली आणि गरज वाटली, तर नव्यानं अर्ज करण्याची वाट तुम्हाला मोकळी राहते.